सोमवारचं पाणी

लोक पाणी कशात आणत नसत, ते विचारा. नागपूरच्या आमच्या सरकारी पाणी-तपासणी प्रयोगशाळेच्या खिडकीवर ठळक पाटी होती, ‘बाटली इथूनच न्यावी’. पण पाटी वाचण्यात कमीपणा मानणारी माणसं आपल्याकडे फार. मौद्याकडचा एक शेतकरी विहिरीचं पाणी एरंडेलाच्या शिशीत घेऊन आला. तक्रार काय, तर पाण्याला तेलाचा वास येतो! इतवारीतल्या एका शेठजींनी फडक्याने तोंड बांधलेला तांब्या आणला आणि जाताना बजावलं, ‘तपासून झालं का उरलेलं परत द्याजो साहेब, गंगेचं आहे.’ मी पोटात हसू दाबून पावती फाडली.

अशा गमती सांगायच्या तर रात्र पुरणार नाही. लग्नकार्यात कोणी विचारलं, काय काम करत होते तुम्ही, की मी याच गमती सांगतो आणि ताटावर बसतो. आज मात्र ती गोष्ट लिहायची आहे जी मी लग्नात सांगत नाही. आमच्या मंडळींनाही मी ती अर्धीच सांगितली होती. आता हुडकेश्वरच्या या घरात गॅलरीत बसून दिवस काढायचे आहेत, कोणाची नोकरी जाणार नाही आणि कोणाचं प्रमोशन अडणार नाही, तेव्हा लिहून टाकतो.

आधी आमचं काम काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. पाणी स्वच्छ दिसणं आणि स्वच्छ असणं यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. काचेसारखं नितळ पाणी गावभर हगवण लावू शकतं. म्हणून आम्ही परीक्षानळीत जांभळट रंगाचं एक सूप भरून ठेवायचो. त्या नळीत आणखी एक बोटाएवढी नळी उलटी बुडवलेली असे. त्यात तपासायचं पाणी थेंब-थेंब घालायचं आणि उबेच्या कपाटात ठेवून द्यायचं. पाण्यात विष्ठेतले जंतू असले तर दोन दिवसांत सूप पिवळं पडतं आणि उलट्या नळीच्या टोकाला हवेचा बुडबुडा जमतो. बुडबुडा आला की समजायचं, या पाण्यात कोणाचं तरी शौच मिसळलं आहे. कोणाचं, ते मात्र नळी सांगत नाही. माणसाचं की म्हशीचं, गरिबाचं की साहेबाचं, तिला सगळं सारखंच.

पहिला बुडबुडा पक्का करायला आणखी दोन दिवस दुसऱ्या नळ्या लावाव्या लागत. म्हणून आम्हाला सोमवार सोयीचा. सोमवारी नळ्या लावल्या की बुधवारी पहिलं वाचन, शुक्रवारी दुसरं. शनिवारी अर्धा दिवस, रविवार मोकळा. आठवडा कसा घडी घातल्यासारखा नीट बसायचा. हा सोमवार लक्षात ठेवा.

सत्तरच्या दशकाच्या मध्याला आमच्याकडे एक काम आलं. नागपूरच्या उत्तरेला, देवलापारच्याही पुढे आत गेलं की एक अभयारण्य होतं. नदीचं नाव मी घेत नाही. नदीकाठी इंग्रजांच्या वेळचा एक विश्रामबंगला होता, आणि तिथे नव्यानेच सहलींचं पेव फुटलं होतं. रविवार आला की नागपूरहून बसा भरून लोक जायचे. त्यांच्यापैकी कोणीतरी वरपर्यंत तक्रार केली की जंगलातली नदी घाण झाली आहे. मग वरून हुकूम निघाला, पाणी तपासा, आणि लोकांना काय वाटतं तेही विचारा. त्यासाठी एक छापील फॉर्म आला. पाणी कसं वाटतं, घाण वाटत असल्यास कोणामुळे, उपाय काय, आणि सगळ्यात खाली एक रकाना, ‘इतर शेरा’.

आमचे साहेब म्हणाले, ‘भुसारी, तुम्ही जा. तुम्हाला माणसांशी बोलता येतं.’ मला बोलता येतं हे खरं. ऐकता येतं की नाही, ते त्यांनी विचारलं नाही.

रविवारी सकाळी जीप निघायची. चालवायला रहीमभाई. बर्फाच्या कारखान्यातून लादी घ्यायची, लाकडी पेटीत भुसा घालून बसवायची, त्यात बाटल्या. रविवारभर पर्यटकांचे फॉर्म, रात्री विश्रामबंगल्यात मुक्काम, सोमवारी उजाडताच नमुने आणि गावातल्या लोकांचे फॉर्म, की परत नागपूर. असा बेत.

पर्यटकांचं काय सांगू! एक बाई पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या, साबणाच्या डबीसकट. म्हणाल्या, ‘पाणी छान आहे हो, पण खाली ते लोक म्हशी धुतात ना!’ एका शाळेच्या मास्तरांनी मुलांच्या खरकट्या पत्रावळी माझ्यादेखत प्रवाहात सोडल्या आणि फॉर्मवर लिहिलं, ‘स्थानिक जनतेत स्वच्छतेची जाणीव नाही’. एक व्यापारी चांदीचा पेला घेऊनच आले होते. बंगल्याच्या खालच्या खडकावर उभं राहून त्यांनी तो भरला, गटागटा प्यायले आणि म्हणाले, ‘वा! अमृत!’ मी नको-नको म्हणेपर्यंत दुसरा पेला रिकामा. जवळपास प्रत्येक फॉर्मवर ‘कोणामुळे’ या प्रश्नापुढे एकच उत्तर, गावामुळे.

गाव म्हणजे तरी काय? बंगल्यापासून खाली, नदीच्या वळणावर ढिवरांची अकरा घरं. मासे धरायचे, उन्हाळ्यात रेतीत टरबुजं लावायची, डोहात शिंगाडा. मैनाबाई आणि सुकळू असं एक जोडपं होतं, चाळिशीच्या घरातलं. सुकळू अंगणात जाळं विणत बसलेला असे आणि बोलायचं काम त्याने बायकोवर सोपवलेलं. मी फॉर्म काढला तशी मैनाबाईने बाज टाकली.

‘पाणी कसं वाटते तुम्हाले?’ मी विचारलं.

‘चांगलं आहे जी. आमची नदीच आहे ते.’

‘बाराही महिने?’

‘बाराही महिने. पर सोमवार-मंगळवार नाई पेत आमी. त्या दोन दिसाले इटाळ रायते नदीले.’

‘विटाळ? नदीले?’

‘हो नं. मंग रेतीत झिरा खोदतो आमी. त्याचं पेतो. बुधवारी पुन्हा नदी.’ तिने काठापासून दहाएक पावलांवरचा खड्डा दाखवला. तळाशी पाणी झिरपत होतं, बाजूला वाटी ठेवलेली. ‘आज सोमवारच आहे नं. पा, कोणीच नाई धारेले.’

खरंच कोणी नव्हतं. म्हशीसुद्धा वरच्या अंगाला डबक्यावर नेल्या होत्या.

‘काहून पण? कोणी सांगतलं असं?’

‘सांगतलं कायचं? ऐतवारचे लोक गेले का नदी तशी होते. लेकरांचे पोटं बिघडत. मंग बुढ्यांनी ठरवलं, दोन दिस नदीले शिवाचं नाई. आता रिवाजच झाला.’

रहीमभाई बाजूलाच बिडी ओढत उभे होते. म्हणाले, ‘साहेब, ये बाई पते की बात करून राहिली, लिहून घ्या.’

मी लिहून घेतलं. काय लिहिलं, ते मला अक्षरासकट आठवतं. ‘इतर शेरा’ या रकान्यात मी लिहिलं, ‘सोमवार व मंगळवार नदीस विटाळ मानतात. स्थानिक अंधश्रद्धा.’ लिहिताना मला स्वतःचं कौतुकही वाटलं. विज्ञानाचा पदवीधर ना मी!

आता माझी दुसरी चूक. खरं म्हणजे आमच्या धंद्यात हिला चूक म्हणणं फार सौम्य झालं. नदी तपासताना जिथे-जिथे काही येऊन मिळण्याची शक्यता असते तिथे वर आणि खाली, दोन्हीकडून नमुना घ्यायचा. नवशिक्यालाही हे शिकवतात. मी नकाशावर तीन ठिकाणं आखली होती. एक बंगल्याच्या वर, दुसरं बंगल्याच्या खाली, तिसरं गावाच्या घाटाखाली. दुसरं ठिकाण अवघड होतं. कपारीतून उतरायचं, शेवाळ, बाभळीचे काटे. पहिल्याच सोमवारी माझा पाय घसरला, गुडघा फुटला आणि बाटली गेली. इकडे पेटीतला बर्फ पाणी होत चाललेला. नमुने तापले की सगळं मुसळ केरात. मी रहीमभाईंना म्हटलं, ‘जाऊ द्या, वरचं आणि खालचं बस आहे.’ पुढच्या खेपांना मी दुसऱ्या ठिकाणाकडे फिरकलोही नाही. नकाशावरची खूण खोडरबराने पुसून टाकली.

नळ्यांनी काय सांगितलं असेल? बंगल्याच्या वरचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ. गावाच्या खालचं पाणी, दर खेपेला, बुडबुड्यांनी भरलेलं. मी अहवालात लिहिलं, ‘या दोन ठिकाणांच्या दरम्यान एकच मानवी वस्ती असून तिच्यामुळे पाणी दूषित होत असल्याचे दिसून येते. पर्यटकांचे मतही असेच आहे.’ विश्रामबंगला मला वस्ती वाटलाच नाही. तिथे तर आम्ही साहेब लोक उतरत होतो.

साहेबांनी अहवाल वाचला आणि शाबासकी दिली. जनमत आणि नळी दोघांचं एकमत, असा अहवाल कुठे मिळतो? त्या संध्याकाळी मी सीताबर्डीवरून संत्राबर्फी घेऊन घरी गेलो. हे लिहिताना आज मला लाज वाटते, पण नेली होती.

अहवालाला पाय फुटतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. वर्ष व्हायच्या आत ती अकरा घरं उठली. अभयारण्याच्या बाहेर, डांबरी सडकेच्या कडेला, मुरमाड माळावर त्यांना जागा दिली. टिनाची घरं, एक हातपंप. कागदोपत्री सगळं चांगलं होतं. ढिवराला नदीपासून दोन कोस लांब नेऊन पंपावर बसवला, एवढंच काय ते वाईट. ही बातमी मला रहीमभाईंनी सांगितली. मी म्हटलं, ‘चला, सडकेला लागले बिचारे. दवाखाना जवळ आला.’ रहीमभाई तोंड फिरवून जीप पुसायला लागले. त्याचा अर्थ मला समजायला हवा होता.

दोन वर्षांनी वरून पुन्हा पत्र आलं. गाव हलवलं, आता नदी किती सुधारली ते कळवा. पुन्हा रविवारची जीप, पुन्हा तोच मुक्काम, तोच सोमवार. बुधवारी मी उबेचं कपाट उघडलं आणि बघतच राहिलो. गावाच्या खालच्या नळ्या पिवळ्याधमक. एकूण एक नळीत बुडबुडा, आधी होता तेवढाच. मला वाटलं नळ्या धुताना काही गफलत झाली असेल. पुढच्या सोमवारी पुन्हा नमुने आणले. तेच.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘भुसारी, गाव उठलं. मग हा बुडबुडा कायचा?’

 टेबलाशी येऊन मी जुनी फाइल काढली. फॉर्म चाळता-चाळता मैनाबाईचा फॉर्म हाती आला, आणि तो ‘इतर शेरा’. ऐतवारचे लोक गेले का. सोमवार-मंगळवार. बुधवारी पुन्हा नदी. अहो, जे शोधायला आम्हाला पेटीभर बर्फ आणि आठवडाभर कपाट लागत होतं, ते त्या बाईने बाजेवर बसून दोन वाक्यांत सांगितलं होतं. वारासकट! आणि मी त्यावर अंधश्रद्धेचा शिक्का मारला होता. 

पाणी कुठून कुठे जातं ते शोधायला आमच्याकडे एक रंग असे. चिमूटभर पूड, नारिंगी दिसते, पाण्यात पडली की हिरवीगार होते. अपाय काही नाही. शहरात गटाराचं पाणी नळात शिरतं का, ते आम्ही तिच्यावरून ओळखायचो. पुढच्या रविवारी ती पूड घेऊन मी आणि रहीमभाई बंगल्यावर गेलो. बसा यायच्या आत मी बंगल्याच्या दोन्ही संडासांत पूड टाकली आणि पाणी ओतलं. नंतरचं काम पर्यटकांनीच केलं, दिवसभर.

दुपारी आम्ही खाली उतरलो. या वेळी त्याच कपारीतून, काट्यांतून, जिथे मी गुडघा फोडला होता. खडकाच्या मागे एक लोखंडी पाइप बाहेर आलेला होता. संडासाची टाकी भरली की उतू जाणारं पाणी त्यातून थेट नदीत पडत होतं. हिरवं. आठवडाभर बंगला रिकामा असे तेव्हा पाइप कोरडा राहत असणार. रविवारी बसा आल्या की टाकी तुडुंब. ती हिरवी धार काठाकाठाने वाहत गावाच्या घाटापर्यंत गेली होती. घाटावर कोणी नव्हतं. घरांच्या जागी नुसती जोती, त्यांवर तरोट्याचं रान माजलेलं.

रहीमभाई म्हणाले, ‘साहेब, आपुन बी तं इथंच उतरत होतो.’

तेही खरंच. दर रविवारी मुक्काम, दर सोमवारी सकाळी नमुना. त्या बुडबुड्यांत माझाही वाटा होता.

आम्ही वर आलो तर एक बाई धावत आल्या. सहलीच्या बसमधल्या, शिकलेल्या. म्हणाल्या, ‘अहो, तुम्ही सरकारी आहात ना? नदीत बघा काय हिरवं-हिरवं आलं आहे! हे गाववाल्यांचंच काम असणार.’ मी म्हटलं, ‘बाई, इथे गाव नाही.’ त्या म्हणाल्या, ‘मग जवळपास कुठेतरी असेल.’ 

दुसरा अहवाल मी तीन रात्री जागून लिहिला. स्वतःची चूक पहिल्याच पानावर. दुसरं ठिकाण का सोडलं, सोमवारच का धरला, त्या बाईने काय सांगितलं होतं, सगळं. शेवटी लिहिलं की गाव दोषी नव्हतं, त्यांना परत जागा द्यावी. साहेबांनी वाचला आणि हळूच विचारलं, ‘पहिलं पान ठेवायचंच का?’ मी म्हटलं, ठेवायचं. त्यांनी सही केली, एवढं श्रेय त्यांना. उत्तर सहा महिन्यांनी आलं. बंगल्यासाठी नवी टाकी आणि शोषखड्डा मंजूर. गावाबद्दल एकच ओळ, ‘पुनर्वसन पूर्ण झाले असल्याने विचार करता येत नाही.’ मी आणखी दोन पत्रं लिहिली. त्यांना उत्तरही आलं नाही. नदी सुधारली, हे मात्र खरं. पुढे सोमवारच्या नळ्याही जांभळ्या राहायला लागल्या, आणि त्या बघून मला आनंद होत नसे.

मग मी मैनाबाईला सांगायला गेलो. निदान तोंडाने सांगावं, असं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, तिने चार शिव्या घातल्या तर मन हलकं होईल, असाही हिशेब होता.

सडकेच्या कडेला ती टिनाची रांग उन्हात तापलेली होती. मैनाबाईने मला ओळखलं. बाज टाकली, पाणी दिलं. केस पार पांढरे झाले होते. अंगणात जाळं दिसलं नाही म्हणून मी सुकळूचं विचारलं.

‘गेले ते. मागच्या पोळ्याले वर्ष झालं.’

इथे आल्यावर सुकळू गिट्टीखदानीवर जायला लागला होता. दगड फोडणं त्याला जमेना. एकदा लपून नदीवर गेला, तर अभयारण्यात मासे धरतो म्हणून पकडला आणि जाळं जप्त झालं. ‘त्याच्या बादमधी बोललेच नाई ते,’ मैनाबाई म्हणाली. ‘तसे आधी बी कमीच बोलत. पर हात चालत रायत जाळ्यावर. इथं हातच थांबले.’

मला उठून जावंसं वाटलं. पण बसलो, आणि सगळं सांगितलं. बंगल्याचा पाइप, हिरवा रंग, माझा अहवाल. म्हणालो, ‘बाई, चूक माझी होती. नदी तुमच्यानं नव्हती खराब होत. बंगल्यानं होत होती.’

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, ‘हे तं आमाले माईतच होतं जी. त्या पायपाचा वास येत जाये नं वर लाकडं आणाले गेलं का.’

‘मग मले बंगल्याचं काहून नाही सांगतलं?’

‘ऐतवारचं सांगतलं नं. तुमी रातभर तिथंच रायत होते. मले वाटे, तुमाले सगळं माईत आहे. पर साहेब लोकाच्या घराचं नाव कसं लिहान? नोकरीचा सवाल. म्हून म्या यायले म्हनो, त्या भाऊवर राग नका धरू, त्याचा बी इलाज नसन.’ ‘यायले’ म्हणजे सुकळूला; नवऱ्याचं नाव न घेता ती बोलत होती. मग पहिल्यांदा तिने माझ्याकडे नीट पाहिलं. ‘तुमाले खरंच माईत नव्हतं?’

‘नव्हतं,’ मी म्हटलं.

तिला ते पटायला वेळ लागला. इतकी वर्षं तिने मला माफ केलं होतं ते मी लबाड आहे असं समजून. लबाडाला माफी होती. तिने रिकामा गिलास माझ्या हातातून घेतला आणि विचारलं,

‘मंग आमाले इचारलं काहून होतं?’